मुंबईचा टायर आणि आमचा उतार

आमच्या वाडीचा रस्ता दरवर्षी गणपतीआधी दुरुस्त होतो आणि दुरुस्त झाल्यावर जास्त वाईट होतो. मुंबईला असलेल्या वाडीकरांचं मंडळ वर्गणी पाठवतं, कारण त्यांना घरापर्यंत सुखाने यायचं असतं. वाडीत राहिलेले आम्ही, म्हणजे बायका, म्हातारे आणि हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे पुरुष, काळा दगड फोडतो, तुकडे खड्ड्यांत भरतो आणि वरून माती ओढतो. एका चांगल्या सरीत माती वाहून जाते आणि दगडांच्या कडा वर येतात. हे आम्हाला माहीत नाही असं नाही. पण मुंबईवाले खड्डा दिसला की रागावतात, दगड दिसला तर रागावत नाहीत. म्हणून आम्ही दरवर्षी दगडच घालतो.

त्या वर्षी त्या दगडाने माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर कापला. बहुतेक तो दगड मीच फोडलेला असावा.

सकाळची वेळ होती. मागे माझी मुलगी बसली होती, पाठीला दप्तर, डोक्याला हेल्मेट. ती पोलादपूरच्या कॉलेजात नुकतीच अकरावी सायन्सला गेली होती. आमची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. तिथून खाली उतार, उताराच्या तळाला पऱ्या, म्हणजे ओढा, पऱ्यावर साकव, आणि साकव ओलांडला की डांबरी रस्ता. साकव म्हणजे लाकडं आणि लोखंडी पट्ट्या टाकलेला पूल. त्यावरून माणूस जातं, गुरं जातात, मोटारसायकल जाते. चारचाकी जात नाही. सकाळची एसटी बंद झाली होती आणि नंतरची पोचेपर्यंत कॉलेजचे निम्मे तास उरकलेले असायचे. म्हणून मी तिला रोज मोटारसायकलवरून नेऊन सोडायची आणि माघारी येऊन आमची अंगणवाडी उघडायची.

उताराच्या मधोमध एक वळण आहे. तिथे बारमाही पाणी झिरपतं, म्हणून लाल मातीवर कायम शेवाळ असतं. त्या वळणाच्या खाली गाडी एकदम जड झाली, मागून डुलायला लागली. मी थांबवली. उतरून बघते तर चाक बसलेलं.

मुलगी म्हणाली, "आये, आज प्रॅक्टिकल हाय गो. बेडकाचं."

"तू हो पुढं. खाली मिनीडोअर रिक्षा मिळाली तर बस. मी येते ढकलत."

ती पळत गेली. मी गाडी साकवापर्यंत ढकलत आणली, तिथून एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने ती मागे चढवून पोलादपूरला हायवेवर नेऊन सोडली. पंक्चरवाल्याकडे ट्रकांची रांग लागली होती. कशेडी घाटात दरड आली होती आणि अडकलेले ट्रकवाले रिकामा वेळ टायर दाखवण्यात घालवत होते. माझ्या चाकाकडे त्याने लांबूनच बघितलं.

"ताई, टायर गेला. बदला."

"पंक्चर काढा," मी म्हटलं.

"पंक्चर ट्यूबचं निघंल. टायर कापलाय त्याचं काय?"

"मग टायरला आतून लावा काहीतरी."

तो कुरकुरला, पण त्याने ट्यूबला पॅच मारला आणि टायरच्या चिरेला आतून जुन्या टायरचा एक तुकडा चिकटवला. मला कळत होतं की हे काही खरं नाही. पण टायर बदलायचा म्हणजे घरात सांगावं लागणार आणि घरात सांगितलं की ते मुंबईत मोठ्या दिरांच्या कानावर जाणार. तेच मला नको होतं.

कारण असं की आमच्या मोठ्या दिरांनी तेव्हा एक गोष्ट मनावर घेतली होती. मुलीला मुंबईला न्यायची. त्यांच्याकडे राहील, तिथल्या चांगल्या कॉलेजात जाईल, माणसांत येईल. माणूस वाईट नाही. माझे सासरे लवकर गेले तेव्हा ह्यांनी मिलच्या चाळीत राहून धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांभाळलं, कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. पण त्यांच्या घरात सून नोकरीला जाते, नातवंडं लहान आहेत आणि जाऊबाईंची कंबर धरलेली आहे. अशा घरात खेड्यातली एक धडधाकट मुलगी शिकायला येते तेव्हा ती काय शिकते, हे मला कुणी सांगायला नको.

मी स्वतः तशी गेलेली आहे. सातवी झाल्यावर मामाने मला शिकायला म्हणून मुंबईला नेलं. मामी बोलायला गोड होती. सकाळचं पाणी भरायचं, मग डबे, मग भांडी, मग लहान भावंडाला बालवाडीत सोडायचं, आणि मग शाळा. शाळेला उशीर व्हायचा, मग शाळाच उशिराची वाटायला लागली, मग एका वर्षी नावच घातलं नाही. कुणी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त कुणाच्याही लक्षात राहिलं नाही की मी तिथे कशासाठी आले होते. पुढची बोर्डाची परीक्षा मी लग्नानंतर, चुलीजवळ पुस्तक ठेवून, बाहेरून दिली. तेव्हा माझी मुलगी त्या वाटेने जाणार नाही, हे माझं ती जन्मली तेव्हाच ठरलेलं होतं.

आणि दिरांचा सगळ्यात मोठा मुद्दा होता ती गाडी. जुनी गाडी, त्यात चालवणारी बाईमाणूस, त्यात तो रस्ता, त्यात पावसाळा. टायर फाटला हे कळलं असतं तर त्यांना आयतं कोलीत मिळालं असतं.

ही गाडी नवऱ्याने गणपतीत आणि शिमग्यात फिरायला म्हणून घेतली होती. बाकीचं वर्षभर ती पडवीत ताडपत्रीखाली उभी असायची आणि कोंबड्या तिच्यावर बसायच्या. एसटी बंद झाली तेव्हा मी ताडपत्री काढली. भात झोडून झालं होतं, खळं मोकळं होतं. खळ्यात गोल गोल फिरवत शिकले. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. वाडीतल्या बायकाही जमल्या, जशा म्हैस विताना जमतात. पहिल्या दिवशी मी पेंढ्याच्या उडवीत घुसले आणि सगळ्या पोट धरून हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साडी नको घालू गो. चाकात जाईल." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मुलीचा पंजाबी ड्रेस काढून माझ्या हातात दिला. लग्न झाल्यापासून त्यांनी मला दिलेली ती सगळ्यात मोठी परवानगी.

तर टायरची गोष्ट मी घरात दडवली. पण नवऱ्याशी फोनवर बोलताना तोंडातून निघून गेली. तो ठाण्याला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आहे. स्वभावाने लोण्यासारखा. तो म्हणाला, "काय काळजी करू नको. गणपतीला येताना मी टायर घेऊन येतो."

"महाडला मिळतात की. तिथून कशाला आणता?"

"महाडला काय मिळतंय? इथला माल इथला."

इथला माल इथला. आमच्याकडे मुंबईहून काय येत नाही? नारळाच्या बागा दाराशी असलेल्या घरांत मुंबईहून नारळ येतात, का तर ते मुंबईहून आणलेले असतात. तेव्हा टायर तरी का मागे राहावा. मी पुष्कळ नको म्हटलं. ऐकेल तर नवरा कसला.

गणपतीच्या आदल्या दिवशी तो उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर तोरणासारखा टायर होता, प्लॅस्टिकात गुंडाळलेला आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला. एसटीत सामान ठेवायला जागा नव्हती म्हणून त्याने तो रात्रभर मांडीवर घेतला होता. माणगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा शेजारच्या बाईचं तान्हं पोर त्या टायरच्या मधे झोपवलं होतं म्हणे. हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलला होता की माझा सगळा राग ओट्यावरच राहिला. माणूस आपल्यासाठी रात्रभर टायर मांडीवर घेऊन बसतो, त्याला काय बोलायचं? मी ती निळी दोरी सोडवली, चांगली होती म्हणून गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवली, आणि टायरवरून हात फिरवला. गुळगुळीत होता. नवा कोरा, पण त्याच्यावर नुसत्या बारीक नागमोडी रेघा. त्या बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. पण सणाच्या तोंडावर कुठे विषय काढा. नवऱ्याने पोलादपूरला जाऊन टायर बसवूनसुद्धा आणला. जुना टायर त्याच दिवशी मुंबईहून आलेल्या मोठ्या दिरांच्या नातवंडांनी घेतला आणि अंगणातल्या फणसाला झोका बांधला.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. त्याच्या पुढच्या दिवशी दोघे भाऊ गौरीचं सामान आणायला पोलादपूरला निघाले. पुढे नवरा, मागे मोठे दीर, पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेले. रात्री सर पडून गेली होती. मी दारातून ओरडून सांगितलं, "वळणावर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक लावू नका." नवऱ्याने हात वर केला, म्हणजे ऐकलं आणि विसरलं.

आवाज आम्हाला घरापर्यंत ऐकू आला. धावत गेलो तर वळणावरच्या शेवाळावर गाडी आडवी आणि दोघे भाऊ लाल मातीत बसलेले. नवऱ्याचं कोपर सोललं होतं. दिरांचा गुडघा मुरगळला होता आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल मातीचा एवढा मोठा नकाशा उमटला होता. जिवावर बेतलं नाही हे कळल्यावर मला हसू आलं, ते मी पदराआड ढकललं. त्या हसण्याची किंमत लगेच वसूल झाली.

ओट्यावर गुडघ्याला हळद लावून घेता घेता दीर नवऱ्याला म्हणाले, "तिला सांग. बघितलंस ना आज? ही गाडी आन् हा रस्ता. सेफ्टी म्हणून काय हाय का नाय? पोरगी माझ्यासंगं येईल. इसर्जन झालं की."

इथे सांगायला हवं की मोठे दीर माझ्याशी सरळ बोलत नाहीत. आमच्याकडे मोठा दीर आणि धाकटी भावजय यांच्यात असंच असतं. ते समोर असले की मी डोक्यावर पदर घेते, ते बोलतात ते माझ्या नवऱ्याला किंवा भिंतीला. उत्तरही मी तसंच देते.

मी भिंतीला म्हटलं, "सगळा पावसाळा मी तिला नेलीय. एकदा पडली नाही."

"आज नाय पडली, उद्या पडंल," ते नवऱ्याला म्हणाले.

हे वाक्य मला लागलं. कारण त्यात खोटं काही नव्हतं. मी गाडी कितीही नीट चालवली तरी मागे माझी एकुलती एक मुलगी बसलेली असते आणि खाली दगड असतात. ही भीती मला दिरांनी शिकवायची गरज नव्हती, ती रोज सकाळी माझ्याबरोबर गाडीवर बसते. पण भीती वाटते म्हणून मुलगी भांड्यांवर बसवायची, हा हिशेब मला मान्य नव्हता.

सासूबाई दिरांना म्हणाल्या, "सवला जा रं. तिथल्या गरम कुंडात पाय टाक, बरा व्हईल." मुलीच्या जाण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी माजघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. थोड्या वेळाने ती मागच्या पडवीत माझ्याजवळ आली आणि एवढंच म्हणाली, "आये, मला नाय जायाचं."

"माहीत हाय," मी म्हटलं.

मग मी अंगणात गेले. पोरं जेवायला आत गेली होती, झोका रिकामा होता. जुना टायर हाताने फाकवून आतून बघितला. पंक्चरवाल्याने चिकटवलेला तुकडा सरकला होता आणि चिरेच्या कडेचे धागे दाढीसारखे बाहेर आले होते. नवा टायर बघितल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की जुनाच परत चढवायचा, पुन्हा पॅच मारायचा आणि मुंबईवाल्यांना दाखवून द्यायचं. पण त्या धाग्यांकडे बघितल्यावर तो विचार सोडला. ह्याच्यावर मी मुलीला बसवणार नव्हते. मुंबईचा टायर आमच्या उताराचा नव्हता आणि आमचा टायर कामातून गेला होता. तेव्हा दोन्ही नकोत. आमच्या मातीत चालेल असा तिसरा आणायचा, आणि गणपती उठायच्या आत आणायचा. कारण दीर बोलले होते, पण अजून गाऱ्हाण्यात बोलले नव्हते.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना ठाऊक आहे. गणपती उठवायच्या आधी घरातला मोठा पुरुष देवापुढे उभा राहून घराच्या वतीने बोलतो. वर्षभरात काय झालं, पुढे काय व्हायचं आहे, कोण आजारी, कुणाचं लग्न, सगळं देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांनी होय महाराजा म्हणायचं. एकदा का गोष्ट गाऱ्हाण्यात आली आणि तिच्यावर होय पडलं की संपलं. मग तिच्यावर कुणी बोलत नाही. आमच्या घरातल्या जमिनीच्या वाटण्या आणि सोयरिकी अशाच ठरल्या आहेत. मुलगी मुंबईला जाणार हे दीर विसर्जनाच्या दिवशी गाऱ्हाण्यात घालणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "चला महाडला."

"कशाला?"

"टायर बदलायला."

त्याचं तोंड उतरलं. "नवा टायर बदलायचा? आत्ता तर आणला."

"तुम्ही आणलात तो चांगला आहे. ठाण्याला चांगला आहे."

उतार आम्ही गाडी हाताने धरून उतरलो. डांबरी रस्त्याला लागल्यावर मी चालवायला घेतली आणि तो मागे बसला. खरं सांगायचं तर डांबरावर तो मुंबईचा टायर लोण्यासारखा पळत होता, नवऱ्याच्या स्वभावासारखाच. मी तसं त्याला सांगितलंही. त्याचा रुसवा थोडा सैल पडला.

महाडच्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "रस्ता कसला?" मी म्हटलं, "माती, शेवाळ, वर काळ्या दगडाची खडी, आणि मागे मुलगी." त्याने आतून एक टायर काढला, खोल खाचांचा, मोठमोठ्या गाठींचा. दिसायला ओबडधोबड. मी अंगठा खाचेत घालून बघितला, तो निम्मा आत गेला. मुंबईचा टायर त्याने आढेवेढे घेत घेत बदल्यात घेतला. चाक बसेपर्यंत आम्ही शेजारच्या टपरीवर चहा घेतला.

तिथे मी नवऱ्याला मामाच्या घरातली माझी वर्षं सांगितली. त्याला वरवर माहीत होतं, पण पाणी कधी भरायला लागायचं, शाळा कशी सुटली, हे मी कधी उलगडून सांगितलं नव्हतं. तो बशीतला चहा तसाच ठेवून ऐकत राहिला.

शेवटी म्हणाला, "पण दादासमोर मी काय बोलू गो? त्यांनी मला वाढवलंय."

"काहीच बोलू नका," मी म्हटलं. "फक्त होय म्हणू नका."

परत येताना उतार चढून जायचा होता. वळणाच्या खाली मी नवऱ्याला विचारलं, उतरता का? तो म्हणाला, "नाय. बसतो. तू चालव." मी पहिला गिअर टाकला आणि डगमग न करता गाडी वर घेतली. टायरच्या गाठी शेवाळात रुतत होत्या आणि सुटत होत्या, ते पायाला कळत होतं. वर आल्यावर नवरा हळूच म्हणाला, "धरतो गो हा."

विसर्जनाच्या दिवशी सगळं घर देवापुढे उभं राहिलं. दीर लंगडत पुढे आले, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांचा आवाज चांगला आहे. "बा गणराया, वर्साच्या वर्साला तुझी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली. चुकलंमाकलं पोटात घाल." सगळे म्हणाले, होय महाराजा. "शेतात भात उभं हाय, त्याला रानडुकराचा उपद्रव होऊ देऊ नको." होय महाराजा. "म्हातारीचं औषधपाणी चाललंय, तिला हातीपायी धड ठेव." होय महाराजा. सासूबाईंनी स्वतःच्या गाऱ्हाण्याला स्वतःच मोठ्याने होय म्हटलं, ते बघून मुलं हसली.

मग दीर म्हणाले, "आन् आमची पोर शिक्षणासाठी मुंबईला निघालीय. तिला तिथं सुखात ठेव, तिच्या पाठीशी उभा ऱ्हा."

दिरांच्या मुलाने होय म्हटलं, पण अर्ध्यावर आवाज गिळला, कारण आणखी कुणाचाच आला नव्हता. नवरा मान खाली घालून उभा होता. त्याने हात जोडलेले होते, पण ओठ मिटलेले होते. समईची वात तेवढी तडतडत होती. दीर तसेच हात जोडून थांबले, जसं कुणी पुढचं पाऊल टाकायला पायरी शोधत थांबावं.

गाऱ्हाण्यात बाई बोलत नाही. मी बोलले. पदर डोक्यावर घेतला, देवाकडे बघितलं आणि म्हटलं, "तेवढं सोडून बाकी सगळ्याला होय महाराजा."

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. जाऊबाईंनी माझा हात मागून धरला. कुणी काही बोलायच्या आत सासूबाई पाट सरकवल्यासारख्या शांतपणे म्हणाल्या, "होय महाराजा." आता त्यांनी होय कशाला म्हटलं, दिरांच्या बोलण्याला की माझ्या, हे त्यांना विचारायची हिंमत आजतागायत कुणाला झालेली नाही.

दिरांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "देवापुढं वाद नको. उचला." आम्ही गणपती नदीच्या कोंडीत, म्हणजे डोहात, बोळवून आलो. आरती झाली, प्रसाद वाटला, जेवणं झाली. कुणीही तो विषय काढला नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला परतायची निघानिघ सुरू झाली तेव्हा जाऊबाईंनी मुलीचे कपडे बॅगेत भरले आणि ती बॅग बाकीच्या सामानाबरोबर खाली गेली, जणू मी देवापुढे काही बोललेच नव्हते. जे बोलायचं ते बोलून झालं होतं, निघत्या माणसांच्या हातातून बॅग हिसकावून मला तमाशा करायचा नव्हता. भाड्याची गाडी साकवापलीकडे उभी होती. पोरं, बाया, पिशव्या, फणसाच्या आठळ्यांची गाठोडी, सगळी वरात उताराने खाली गेली. मुलगीही गेली, निरोप द्यायला निघालेल्या आजीचा हात धरून. जाताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण कशासाठी हलवली ते मलाच ठाऊक नव्हतं.

मागे राहिले मोठे दीर. गुडघा सुजला होता. दोन पावलं उतरले आणि दगडावर बसले. नवरा म्हणाला, "दादा, पाठीवर घेतो." ते म्हणाले, "मी काय मेलोय?"

मी पडवीतून गाडी काढली आणि त्यांच्यापुढे आणून उभी केली. कुणाकडेही न बघता म्हटलं, "दादांना सांगा, बसा म्हणून."

मोठ्या दिराने धाकट्या भावजयीच्या मागे गाडीवर बसायचं, हे आमच्या वाडीत तोवर कुणी केलेलं नव्हतं. ते गाडीकडे बघत राहिले, मग टायरकडे, मग उताराकडे. खालून हॉर्न वाजला. शेवटी नवऱ्याने त्यांना धरून बसवलं. त्यांनी आपली हातातली पिशवी दोघांच्या मधे उभी केली, मागच्या लोखंडी कडीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि बहुतेक डोळे मिटले.

मी पहिल्या गिअरमध्ये निघाले. ब्रेकला हात लावला नाही. इंजिनच गाडीला धरून ठेवत होतं. वळण आलं, तेच शेवाळ, तिथे त्या दिवशीची त्यांची घसरण अजून दिसत होती. मागचं चाक एकदा किंचित सरकलं आणि लगेच रुतलं. तेवढ्यात त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. जड हात. मला वाटलं वळण संपल्यावर काढून घेतील. त्यांनी काढला नाही. साकवावरून जातानासुद्धा तो तिथेच होता.

पलीकडे सगळे गाडीत बसले होते. मुलगी मागच्या सीटवर खिडकीशी, मांडीवर कुणाचं तरी लहान पोर दिलेलं. दीर उतरले, सदरा नीट केला, लंगडत भाड्याच्या गाडीच्या मागे गेले. मला वाटलं बसायला गेले. त्यांनी मागचं दार उघडलं, सामानातून एक बॅग ओढून बाहेर काढली. मुलीची बॅग. जाऊबाई म्हणाल्या, "अवो, ती कशाला काढताय?" ते तसेच माझ्याकडे आले. बॅग आणून माझ्या गाडीच्या मागच्या कडीवर ठेवली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलले.

"दोरी हाय का गो?"

डिकीत ती निळी दोरी होती, टायर बांधून आणलेली. मी दिली. त्यांनी गाठीवर गाठ मारून बॅग बांधली, हलवून बघितली, पुन्हा एक गाठ मारली. तोवर मुलगी मांडीवरचं पोर उतरवून खाली आली होती आणि काय झालं ते न कळून उभी होती.

दीर तिला म्हणाले, "बस मागं. आयेला धरून बस."